देवाचा बनावट सातबारा

अमेरिकेत बोस्टनच्या उत्तरेला समुद्रकाठी सेलम नावाचं गाव आहे. तिथल्या पीबडी एसेक्स संग्रहालयाने २००६ साली पस्तीस हजार डॉलर मोजून एक चित्र विकत घेतलं. चित्रात दोन भोसले आहेत, वडील आणि मुलगा. वडील म्हणजे तंजावरचे सरफोजी राजे, ज्यांच्या आज्ञेने बृहदीश्वराच्या भिंतीवर भोसले घराण्याचा अख्खा इतिहास मराठीत कोरला गेला. मुलगा शिवाजी हा तंजावरचा शेवटचा मराठी राजा. तो १८५५ साली गेला, मागे मुलगा नव्हता, आणि इंग्रजांनी राज्य खालसा केलं. राज्य गेलं तरी सरस्वती महाल राहिला. सरफोजींनी वेड्यासारखी जमवलेली पुस्तकं, पोथ्या, मोडी कागदांचे रुमाल, चित्रं सगळं त्यात राहिलं. निदान राहायला हवं होतं.

तमिळनाडू पोलिसांच्या मूर्तिचोरीविरोधी शाखेने २०२२ च्या जुलैमध्ये जाहीर केलं की सेलमचं ते चित्र सरस्वती महालातून चोरीला गेलेलं होतं. ते अमेरिकेला विकणाऱ्या माणसाचं नाव पोलिसांना तोवर पाठ झालं होतं. त्या वेळी तो तंजावरपासून गाडीने तासा-दीड तासावर असलेल्या तिरुच्चिरापळ्ळीच्या तुरुंगात होता. त्याचं नाव सुभाष कपूर.

गुंड कसा घडतो याचा एक साचा आपल्या मनात पक्का बसलेला आहे. मुंबईच्या गुन्हेगारीवर वाचत वाढलेल्या कुठल्याही मराठी माणसाला तो तोंडपाठ असतो. गरिबी, चाळ, गोदी, पहिली मारामारी, पहिला तुरुंग. तमिळनाडूनेच मुंबईला दिलेले दोन मोठे भाई या साच्यात चपखल बसतात. हाजी मस्तान रामनाथपुरम जिल्ह्यातला, गोदीत हमाली करत सोन्याच्या तस्करीत शिरलेला. वरदराजन मुदलियार व्हीटी स्टेशनवरचा हमाल, मग दारूच्या भट्ट्या, मग धारावी-माटुंग्याचा ‘वरदाभाई’. कीर्ती कॉलेजात शिकलेला मन्या सुर्वे या साच्यात थोडा अडखळतो, म्हणून तर त्याच्यावर इतकं लिहिलं-बोललं जातं. पण त्यालाही येरवड्याच्या तुरुंगाने घडवलं आणि ११ जानेवारी १९८२ ला वडाळ्यात पोलिसांच्या गोळ्यांनी संपवलं, म्हणजे कथा अखेर ओळखीच्या वळणावर येतेच.

कपूरच्या गोष्टीत चाळ नाही, उपासमार नाही, वस्तरा नाही. त्याच्या हातून कुणाला चापटही बसल्याची नोंद नाही. तरीही जप्तीच्या आकड्यांवर जायचं तर मुंबईचे सगळे भाई त्याच्यापुढे पाकीटमार ठरतात. अमेरिकी तपासयंत्रणांनी त्याच्या दुकानातून आणि गोदामांतून २,६०० हून अधिक वस्तू ताब्यात घेतल्या. त्यांची किंमत दहा कोटी डॉलरच्या वर लावली गेली. असा माणूस कशाने घडतो? उत्तर शोधायला त्याच्या मनात डोकावण्यापेक्षा त्याच्या धंद्यात डोकावलेलं बरं. मला तरी त्याच्या मनापेक्षा त्याच्या फायली जास्त बोलक्या वाटतात.

कपूरचा जन्म १९४९ चा. घर जुन्या वस्तूंच्या व्यापाऱ्याचं. वडील पुरुषोत्तम राम कपूर दिल्लीत हाच धंदा करत. म्हणजे पोरगा लहानपणापासून जे पाहत आला ते असं: कुणीतरी फडक्यात गुंडाळून काहीतरी आणतो, वडील ते उलटंपालटं करून बघतात, एक आकडा बोलतात, आणि ती वस्तू आठवड्याभरात दुप्पट-चौपट भावाने कुण्या परदेशी गिऱ्हाइकाकडे जाते. फडक्यात आणणाऱ्याला ‘कुठून आणलंस?’ असं विचारायचं नाही, हा या धंद्याचा पहिला धडा. त्या काळी तो बेकायदाही नव्हता फारसा. जुन्या वस्तू देशाबाहेर जाऊ नयेत म्हणून १९४७ चा एक कायदा होता, पण त्यात जाळ्यापेक्षा भोकंच मोठी.

मग १९७२ साली पुरावस्तू आणि कलानिधी कायदा झाला आणि १९७६ च्या एप्रिलपासून लागू झाला. शंभर वर्षांहून जुनी मूर्ती खाजगी माणसाला देशाबाहेर पाठवता येणार नाही, घरात असेल तर नोंदवावी लागेल. त्याच सुमारास, १९७० साली, युनेस्कोचा करारही झाला होता. कायदा चांगल्या हेतूने झाला, यात शंका नाही. पण त्याने एक विचित्र गोष्ट केली. मूर्तीच्या किमतीत तिच्या सौंदर्याइतकाच वाटा एका कागदाचा झाला. ही मूर्ती १९७० च्या आधीच भारताबाहेर पडली होती, असं सांगणारा कागद. कला-बाजारात याला मोठं फ्रेंच नाव आहे. आपण त्याला मूर्तीचा सातबारा म्हणू. सातबारा ज्याच्या नावावर त्याची जमीन, हे आपल्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं, आणि तलाठ्याला हाताशी धरून सातबाऱ्यावर फेरफार कसे होतात हेही.

कपूर १९७४ साली अमेरिकेला गेला. कायदा होऊन दोन वर्षं झालेली, लागू व्हायला दोन वर्षं बाकी. न्यूयॉर्कमध्ये त्याने ‘आर्ट ऑफ द पास्ट’ नावाचं दुकान थाटलं. हे दुकान मॅनहॅटनच्या मॅडिसन अ‍ॅव्हेन्यूवर होतं, मेट्रोपॉलिटन संग्रहालयापासून चालत जाण्याच्या अंतरावर. तिथल्या काचेआड चोळांचे नटराज, गांधार-मथुरेची शिल्पं, पहाडी चित्रं मांडलेली असत. असं हे दुकान सदतीस वर्षं चाललं.

आता कावेरीकडे वळलं पाहिजे, कारण माल तिथला होता.

तंजावर, कुंभकोणम आणि कोळ्ळिडम नदीपलीकडचा अरियलूरचा भाग मिळून जो भातशेतीचा सपाट प्रदेश होतो, त्यात दर दोन-तीन मैलांवर चोळकालीन देऊळ आहे. प्रत्येक देवळात दोन तऱ्हेचे देव. गाभाऱ्यातला दगडी, जो हलत नाही. आणि उत्सवाचा, पंचधातूचा, जो मिरवणुकीला बाहेर पडतो. या उत्सवमूर्तींच्या पीठाला भोकं आणि कड्या असतात. त्यांतून दांडे सरकवायचे, दोर आवळायचे आणि देवाला खांद्यावर घ्यायचं. शतकानुशतकं दूध, तेल, चंदन चोळून चोळून त्यांचे चेहरे गुळगुळीत झालेले असतात. डोळ्यांच्या कडा झिजून जातात. दागिने आणि रेशीम चढवल्यावर भाविकांना दिसतो तो फक्त मुखवट्याएवढा भाग. म्हणजे आपल्या गावच्या देवाचं शरीर गावातल्या बहुतेकांनी आयुष्यात नीट पाहिलेलं नसतं. पोलिसांत वर्णन द्यायची वेळ आली की हे फार आड येतं.

या मूर्ती घडतात कशा, ते कुंभकोणमजवळच्या स्वामिमलैला अजूनही पाहायला मिळतं. मधाच्या मेणात राळ मिसळून स्थपती आधी मेणाचा देव करतो, अगदी नखांपर्यंत. त्यावर कावेरीच्या बारीक गाळाचा लेप, वाळला की दुसरा, मग जाड मातीचा थर. भट्टीत तापवलं की मेण वितळून बाहेर पडतं आणि आत देवाच्या आकाराची पोकळी उरते. तीत धातूचा रस ओतायचा. थंड झाल्यावर माती फोडायची. साचा एकदाच वापरता येतो, म्हणून एकासारखी दुसरी मूर्ती होत नाही. रस कुठे कमी पोचतो, कुठे बुडबुडा राहतो, प्रभावळीतली एखादी ज्वाला जराशी वाकते. हे दोष म्हणजे मूर्तीच्या बोटांचे ठसे. पुढे कपूरने विकलेल्या मूर्ती याच ठशांनी ओळखल्या गेल्या, पण त्याला वेळ होता.

कपूरच्या आधीही या मातीत दोन मोठी प्रकरणं होऊन गेली होती. धंद्यातल्या लोकांनी त्यांतून काय धडा घेतला असेल, हे पाहण्यासारखं आहे.

पहिलं शिवपुरमचं. तंजावर जिल्ह्यातल्या या गावात १९५१ साली जमीन खोदताना कांस्यमूर्तींचा साठा निघाला. परचक्राच्या भीतीने शेकडो वर्षांपूर्वी पुरून ठेवलेले देव तिथे असे अधूनमधून वर येतात. त्यात एक दहाव्या शतकातला नटराज होता. तो देवळात ठेवला आणि १९५४ च्या सुमारास दुरुस्तीला कुंभकोणमच्या स्थपतीकडे दिला. परत आली ती हुबेहूब नक्कल. खरा नटराज निघून गेला, आणि तोही मुंबईला, अखेर बोमन बेहराम या संग्राहकाकडे. गावकरी अकरा वर्षं नकलेला हार घालत राहिले. १९६५ साली ब्रिटिश म्युझियमच्या डग्लस बॅरेट यांनी चोळ कांस्यमूर्तींवरच्या आपल्या पुस्तकात शिवपुरमच्या देवळातली मूर्ती खोटी असल्याचं लिहिलं तेव्हा बोंब झाली. पुढे खरा नटराज न्यूयॉर्कला गेला. १९७३ मध्ये कॅलिफोर्नियाचे उद्योगपती नॉर्टन सायमन यांनी तो सुमारे नऊ लाख डॉलरला घेतला. आपण दोन वर्षांत आशियाई कलेवर दीड कोटी डॉलर खर्च केले आणि त्यातलं बरंचसं तस्करीचंच आहे, असं त्यांनी म्हटल्याचं वर्तमानपत्रात छापून आलं. नंतर त्यांनी ते नाकारलं. भारत सरकारने दावा लावला आणि १९७६ मध्ये तडजोड झाली: दहा वर्षं मूर्ती सायमन यांच्याकडे राहील, मग परत येईल. १९८६ ला ती आली. मुंबईच्या भाषेत याला मांडवली म्हणतात.

दुसरं पत्तूरचं. तेव्हाच्या तंजावर जिल्ह्यातल्या या खेड्यात १९७६ साली एका मजुराला आपल्या झोपडीजवळ खणताना नटराज सापडला. त्याने तो काहीशे रुपयांना विकला. त्या दिवशी त्याच्या घरात एवढी रक्कम आली ही मोठीच गोष्ट असणार. सहा वर्षांनी लंडनमध्ये कॅनडाच्या बंपर डेव्हलपमेंट कंपनीने तोच नटराज अडीच लाख पौंडांना घेतला, अर्थात सोबत खोटा सातबारा होताच. मूर्ती साफसफाईला ब्रिटिश म्युझियममध्ये गेली असताना स्कॉटलंड यार्डने ती जप्त केली. मग लंडनच्या कोर्टात जो खटला उभा राहिला तो एखाद्या कीर्तनकाराने रंगवून सांगावा असा. कंपनीविरुद्ध दावेदार कोण? तमिळनाडू सरकार, देऊळ, आणि पत्तूरच्या पडक्या देवळातला शिव. देवाला कायद्याने व्यक्ती मानण्याची भारतीय पद्धत इंग्रज न्यायाधीशांना समजावून सांगावी लागली. पुरातत्त्वज्ञ आर. नागस्वामी यांनी साक्ष दिली. मूर्तीला चिकटलेली माती आणि वाळवीच्या खुणा तपासल्या गेल्या. १९८८ ला निकाल देवळाच्या बाजूने लागला, १९९१ ला अपिलातही टिकला आणि नटराज घरी आला.

दोन्ही वेळा देव जिंकला, आणि आपल्याकडे त्याचे हार-तुरे झाले. पण व्यापाऱ्याच्या नजरेतून या दोन खटल्यांकडे पाहा. सायमन यांना दहा वर्षं मूर्ती मिरवायला मिळाली. बंपर कंपनीचे पैसे बुडाले. विकत घेणाऱ्यांपैकी तुरुंगात कुणीही गेलं नाही. फार तर वस्तू परत करावी लागते, तीही पकडले गेलात तर. कोर्टाने खोटा ठरवलेला सातबारा लिहिणाऱ्याला काय शिक्षा झाली, हे त्या काळी कुणाच्या लक्षातही राहिलं नाही. चोरट्या निर्यातीला आपल्या १९७२ च्या कायद्यात शिक्षा आहे सहा महिने ते तीन वर्षं. कपूरच्या धंद्याची उमेदीची वर्षं या हवेत गेली.

त्याने केलं काय, तर आधीच्या फुटकळ धंद्याला कंपनीची शिस्त लावली. चेन्नईत संजीवी अशोकन हा व्यापारी त्याचा भारतातला हात. अशोकनची माणसं देवळं हेरत. निकष साधे: देऊळ जुनं हवं, रोजची पूजा बंद पडलेली हवी, जवळ वस्ती विरळ हवी. अशी देवळं सापडायला कष्ट नाहीत. गावचे ब्राह्मण शहरांत गेले, देवळाच्या जमिनींचा खंड येईना, पुजाऱ्याच्या पगारात महिन्याचा तांदूळही निघेना. दार बंद, कुलूप गंजलेलं, किल्ली कुणाकडे तेही वादात. देखरेख राज्य सरकारच्या धर्मादाय खात्याकडे, पण त्या खात्याच्या पदरात हजारो देवळं.

अरियलूर जिल्ह्यातलं श्रीपुरंदान तसंच. तिथल्या चोळकालीन शिवमंदिरातून २००६ मध्ये आठ मूर्ती गेल्या, आणि त्या एका रात्रीत नव्हे तर खेपा करून काढल्या. चोरांनी कुलूप फोडून काम झाल्यावर दार पुन्हा लावून घेतलं. गावाला वाटत राहिलं, देव आत आहे. पळवलेल्या मूर्तींचे फोटो अशोकनकडून न्यूयॉर्कला जात. पुढे कपूरच्या संगणकांत तपासयंत्रणांना असे कितीतरी फोटो मिळाले. मूर्ती जमिनीवर आडवी, मातीने माखलेली, जशी देवळातून काढली तशी. हे फोटो पाहिलेल्याला संग्रहालयातल्या मखमलीवरची तीच मूर्ती पुन्हा पूर्वीसारखी पाहता येत नाही.

मग निर्यात. स्वामिमलैच्या नव्या मूर्ती कायदेशीररीत्या परदेशी जातात, त्यांना हस्तकलेचा दाखला मिळतो. त्याच पेट्यांत, त्याच दाखल्यावर हजार वर्षांचा देव ‘आधुनिक हस्तकला’ म्हणून बंदर ओलांडायचा. २००७ मध्ये भारतीय वकिलातीकडून कळल्यावरून अमेरिकेत काही पेट्या अडवल्या गेल्या. कागदावर लिहिलं होतं: बागेत ठेवायची संगमरवरी टेबलं. कपूरला सुगावा लागला आणि तो त्या पेट्या सोडवायला फिरकलाच नाही. लाखो डॉलरचा माल त्याने बेवारस सोडून दिला. पक्का व्यापारी नुकसान कुठे लिहून टाकायचं हे जाणतो.

माल न्यूयॉर्कला पोचला की सातबारा तयार व्हायचा. श्रीपुरंदानच्या नटराजासाठी जो झाला तो नमुनेदार आहे. १९६८ ते ७१ मध्ये दिल्लीत असलेल्या सुदानच्या एका मुत्सद्द्याने ही मूर्ती तिथल्या दुकानातून घेतली, आणि आता ती त्याच्या पत्नीकडून आली, असा कागद. तारीख बघा, नेमकी कायद्याच्या आधीची. वर चोरीच्या कलावस्तूंच्या आंतरराष्ट्रीय यादीत या मूर्तीचं नाव नाही असा दाखला. तो खराच होता. नाव असणार कसं? चोरी झाली हे गावालाच माहीत नव्हतं. ज्या देवाची नोंदच नाही तो चोरीला जाऊच शकत नाही, असं हे तर्कशास्त्र.

ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय कलादालनाने हा नटराज २००८ मध्ये पन्नास लाख अमेरिकी डॉलरला घेतला. त्याच वर्षी काही महिन्यांनी श्रीपुरंदानच्या देवळाचं दार उघडलं गेलं तेव्हा आत काही नव्हतं. म्हणजे गावाला चोरी कळायच्या आधी देव कॅनबेराच्या दिव्यांखाली उभा होता. त्याच देवळातली उमा परमेश्वरी २००७ मध्ये सिंगापूरच्या आशियाई संस्कृती संग्रहालयाने साडेसहा लाख डॉलरला घेतली होती. अमेरिकेतल्या टोलेडोच्या संग्रहालयाकडे गणपती, सिडनीकडे वृद्धाचलमचा अर्धनारीश्वर. आणि सेलमकडे आपले सरफोजी राजे.

या ठिकाणी मला कपूरपेक्षा त्याच्या गिऱ्हाइकांचा जास्त राग येतो, हे कबूल करायला हरकत नाही. ती काही अडाणी माणसं नव्हती. चोळ कांस्यमूर्तीची शैली पाहून पन्नास वर्षांच्या फरकाने काळ सांगणारे विद्वान त्यांच्या पदरी होते. एवढा मोठा नटराज चाळीस वर्षं कुणाच्या बैठकीत उभा होता आणि कुणी पाहिला नाही, छापला नाही, हे त्यांना खटकायला हवं होतं. कॅनबेरात तर खरेदीआधी शंका निघालीही होती. पण कागद फाईलला लावला, फाईल पुरी झाली. मेट्रोपॉलिटनने २००९ मध्ये कपूरने दान दिलेल्या भारतीय रेखाचित्रांचं प्रदर्शन भरवलं आणि त्याच्या नावात ‘सुभाष कपूर यांची भेट’ असा मान दिला. त्याच वर्षी तमिळनाडूत संजीवी अशोकनला अटक झाली. वरदाभाई माटुंग्याला गणपती बसवायचा, मोठमोठी माणसं दर्शनाला यायची, त्याचीच ही मॅडिसन अ‍ॅव्हेन्यूवरची आवृत्ती. भाईला मखर लागतंच.

अशोकन सापडल्यावर धागा न्यूयॉर्कला पोचला. तमिळनाडू पोलिसांच्या विनंतीवरून इंटरपोलची नोटीस निघाली आणि ३० ऑक्टोबर २०११ ला कपूर फ्रँकफर्ट विमानतळावर धरला गेला. जुलै २०१२ मध्ये जर्मनीने त्याला चेन्नईला पाठवलं. तिकडे मॅनहॅटनमधल्या दुकान-गोदामांवर छापे पडले, आणि डिसेंबर २०१३ मध्ये त्याच्या दुकानाच्या व्यवस्थापकाने कोर्टात गुन्हा कबूल केला.

पण मूर्ती श्रीपुरंदानचीच, हे सिद्ध कसं करायचं? इथे पुदुच्चेरीची फ्रेंच संस्था कामी आली. तिथले लोक १९५० च्या दशकापासून तमिळ खेड्यांत फिरून देवळं आणि मूर्तींचे फोटो काढत आले होते. कशासाठी? अभ्यासासाठी, बाकी काही नाही. त्यांच्या फडताळात श्रीपुरंदानच्या नटराजाचा १९९४ चा फोटो होता. तो आणि कॅनबेराच्या सूचीतला फोटो शेजारी ठेवले. ओतकामातले दोष, प्रभावळीच्या ज्वाला, झीज, सगळं जुळलं. ही जुळवाजुळव पोलिसांइतकीच हौशी लोकांनी केली. सिंगापुरात जहाज कंपनीत नोकरी करणारे एस. विजयकुमार रात्री जागून जुने फोटो आणि लिलावांच्या याद्या ताडून पाहत. त्यांनी पुढे ‘द आयडॉल थीफ’ हे पुस्तक लिहिलं.

सप्टेंबर २०१४ मध्ये ऑस्ट्रेलियाचे पंतप्रधान टोनी अ‍ॅबट दिल्लीला आले ते नटराज आणि अर्धनारीश्वर घेऊनच. सिंगापूरची उमा पुढल्या वर्षी आली. सेलमच्या संग्रहालयाने सरफोजींचं चित्र २०१५ मध्ये अमेरिकी सरकारच्या ताब्यात दिलं. याच काळात तमिळनाडूत मूर्तिचोरी शोधणाऱ्या पथकातल्याच अधिकाऱ्यांवर मूर्ती परस्पर विकल्याचे गुन्हे दाखल झाले. त्या भागातल्या कुणाला याचं फार आश्चर्य वाटलं असं नाही.

कपूरचा खटला तंजावर जिल्ह्यातच, कुंभकोणमच्या कोर्टात चालला. दहा वर्षं चालला. मॅडिसन अ‍ॅव्हेन्यूचा मालक तारखांना पोलिसांच्या गाडीतून तिरुच्चीहून कुंभकोणमला यायचा, वाटेत कावेरीच्या दोन्ही अंगांना भातशेतं आणि त्यातून वर आलेली गोपुरं. ज्या मालावर त्याने आयुष्य काढलं त्याचं कोठार त्याला दर खेपेला खिडकीतून दिसत असणार. १ नोव्हेंबर २०२२ ला निकाल लागला. उदयारपाळयम पोलीस ठाण्याच्या हद्दीतल्या वरदराज पेरुमाळ मंदिरातल्या १९ मूर्तींच्या चोरी आणि बेकायदा निर्यातीबद्दल कपूर आणि आणखी पाच जण दोषी ठरले. कपूरला दहा वर्षांची शिक्षा झाली. तेव्हा तो ७३ वर्षांचा होता आणि अटकेपासून मोजलं तर तेवढी वर्षं त्याने कोठडीत काढलेलीच होती. न्यूयॉर्कच्या सरकारी वकिलांनी २०१९ मध्ये त्याच्यावर वेगळे आरोप ठेवले. तिथेही त्याच्या नावाची फाईल उघडी राहिली.

जगातल्या संग्रहालयांनी मग आपापल्या फाईली उघडल्या. कपूरकडून घेतलेल्या वस्तूंच्या याद्या निघाल्या, सातबारे तपासले गेले, खोटे निघाले, मूर्ती पेटीत घालून परत रवाना झाल्या. देवळांकडे मात्र त्या फारशा गेल्या नाहीत. पत्तूरचा नटराज पत्तूरला गेला नाही, तिथल्या पडक्या देवळात त्याला ठेवणार कुठे? कॅनबेराहून आलेला नटराजही श्रीपुरंदानला न जाता सरकारच्या मूर्तिसुरक्षा केंद्रात ठेवला गेला. अशा केंद्रांत लोखंडी जाळीमागे शेकडो देव ओळीने उभे असतात, प्रत्येकाला क्रमांकाची पट्टी. अधूनमधून कुण्या गावातली माणसं येतात, जाळीतून आपला देव ओळखायचा प्रयत्न करतात, फूल आत टाकता येत नाही म्हणून बाहेरच ठेवतात. मूर्तींच्या पीठाची भोकं तशीच रिकामी असतात, दांड्यांची वाट पाहत.